मधुमेही लेकरे आणि काळी बुरशी

पावसाळ्यात दुरडीत राहून गेलेल्या भाकरीवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी करडी लव उगवते, ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. घरातली बाई ती भाकरी उचलते, नाक मुरडते आणि उकिरड्यावर टाकून देते. ही लव म्हणजे बुरशी. तिच्या टोकांवरून धुळीहून बारीक असे बीजाणू उडत असतात. ते हवेत असतात, मातीत असतात, शेणखतात, सडक्या फळांत, कणगीच्या तळाशी, सगळीकडे असतात. वाचकहो, हे वाचत असतानाही आपण श्वासाबरोबर त्यांतले काही आत घेतच आहात. घाबरायचे कारण नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही ते घेतले आणि त्यांचे काही बिघडले नाही.

पण याच बुरशीच्या कुळातली एक जात, रायझोपस तिचे नाव, एखाद्या मधुमेही लेकराच्या नाकात शिरते आणि चार-आठ दिवसांत त्याचा डोळा घेते, कधी जीवही घेते. या रोगाला म्युकरमायकोसिस म्हणतात. २०२१ साली वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' हे नाव दिले आणि ते घरोघर पोचले. रोग दुर्मीळ आहे, हे आधीच सांगतो. शंभर मधुमेही मुलांतल्या नव्व्याण्णवांच्या वाट्यालाही तो बहुधा येणार नाही. मग त्याच्यावर एवढे बोलायचे कशाला? तर त्याचे दार ज्या किल्लीने उघडते ती किल्ली आपल्या हातात आहे, म्हणून. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. औषधाचे प्रमाण मी सांगणार नाही. ते सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण हा रोग कसा येतो हे समजून घ्यायला डॉक्टर असावे लागत नाही.

आधी लहान मुलांच्या मधुमेहाविषयी. आपल्याकडे अजूनही 'साखरेची बिमारी' म्हटले की पोट सुटलेला पन्नाशीचा सावकार डोळ्यांपुढे येतो. "सहा वर्षांच्या पोराला शुगर कशी होईल गुरुजी, त्यानं अजून खाल्लंच काय?" हा प्रश्न ऐकला नसेल असा शिक्षक विरळा. मुलांचा मधुमेह वेगळा असतो, त्याला टाइप १ म्हणतात. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराचीच रोगप्रतिकारक शक्ती चुकून मारून टाकते. गोड खाल्ल्याने हे होत नाही, आईने काही पथ्य मोडल्याने होत नाही, आणि कुणाच्या नजरेने तर मुळीच नाही. इन्सुलिन नाही म्हटल्यावर रक्तातली साखर पेशींत शिरू शकत नाही. धान्याने भरलेल्या गोदामाला कुलूप आणि बाहेर माणसे उपाशी, अशी गत होते. शरीर मग अंगातली चरबी जाळू लागते. त्या जळणातून कीटोन नावाचे आंबट पदार्थ रक्तात साठतात आणि रक्त आम्ल होऊ लागते. निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान असतो, तो ७.३ च्या खाली उतरला की प्रकरण रुग्णालयाचे झाले असे समजावे. या अवस्थेला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. शब्द अवघड आहे, पण लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

१९२२ च्या आधी असे मूल वाचत नसे. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. त्याचे वजन तेव्हा ३० किलोच्या आतबाहेर राहिले होते. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. औषध आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा टोचले आणि पोरगा उठून बसला. तेव्हापासून आजतागायत या मुलांना दुसरा आधार नाही. गोळी नाही, काढा नाही, कारल्याचा रस नाही. इन्सुलिनच.

आता बुरशीकडे वळू. निरोगी माणसाच्या नाकात बीजाणू गेला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात आणि गिळतात. शिवाय बुरशीला वाढायला लोह लागते, आणि आपले शरीर लोह असे मोकळे सोडत नाही. रक्तातील एक प्रथिन ते घट्ट धरून ठेवते. बुरशी उपाशी राहते आणि मरते. पण रक्त आम्ल झाले की त्या प्रथिनाची पकड सैल होते आणि लोह मोकळे सुटते. रायझोपस बुरशीजवळ तर कीटोनही पचवता येतील अशी सोय आहे. भरीस भर म्हणजे साखर आणि कीटोन वाढल्याने पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर एक प्रथिन जास्त प्रमाणात येते. बुरशी नेमकी त्यालाच चिकटून आत शिरते. म्हणजे राखणदार झोपलेला, कोठाराचे कुलूप सुटलेले आणि भिंतीला पाय द्यायला खुंट्या ठोकलेल्या. चोर नवा आलेला नसतो. तो रोजच दारावरून जात होता.

म्हणून 'माझ्या मुलाला बुरशीपासून दूर कसे ठेवू' हा प्रश्न सोडून द्यावा. खेड्यात धूळ, माती, शेणखत यांपासून कोण दूर राहील? इन्सुलिन वेळेवर मिळते आहे ना आणि रक्त आम्ल होत नाही ना, एवढे पाहायचे.

बुरशी आत शिरली की करते काय, तर रक्तवाहिन्यांतच वाढते. तिचे तंतू वाहिनी बुजवतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो मरतो आणि काळा पडतो. काळेपणा आहे तो या मेलेल्या मांसाचा. बुरशी स्वतः काही काळी नसते. कांद्याच्या सालीखाली जी काळी पूड दिसते तिचा या रोगाशी संबंध नाही, ती वेगळीच बुरशी. २०२१ साली कित्येकांनी घरातले कांदे फेकून दिले, ते बिचारे निरपराध होते.

मुलांच्या बाबतीत रोग बहुधा नाकापासून सुरू होतो. एका बाजूचे नाक चोंदते, त्यातून काळपट किंवा रक्ताळलेला शेंबूड येतो. त्याच बाजूचा गाल सुजतो, दुखतो किंवा बधिर होतो. डोळा लाल होऊन पुढे येतो, पापणी खाली लोंबते, एकाचे दोन दिसतात. तोंड उघडून पाहिले तर टाळूवर काळा डाग असू शकतो, दात हलू लागतात. 'एका बाजूला' हे शब्द ध्यानात ठेवा. साध्या सर्दीत दोन्ही नाकपुड्या वाहतात. मधुमेही मुलाच्या चेहऱ्याची एकच बाजू सुजली वा दुखू लागली, तर उद्या पाहू असे म्हणायचे नाही. नाकातून ही बुरशी सायनसच्या पोकळ्यांत, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूत जाते. हे अंतर बोटा-दोन बोटांचे आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासात, निदानानंतर खरे औषध सुरू व्हायला सहा किंवा अधिक दिवसांचा उशीर झाला तिथे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. मधुमेह्याचा रोग वेगळ्या वाटेने येतो, पण बुरशी तीच आणि तिची घाईही तीच.

हा रोग नवा नाही. ऑस्ट्रियातील पाल्टाउफ या वैद्याने १८८५ साली त्याचे वर्णन केले. १९४३ साली अमेरिकेत तीन मधुमेही रोग्यांची हकीकत छापली गेली, त्यांत नाक, डोळा आणि मेंदू अशीच वाट दिसली. तेव्हा औषधच नव्हते. पुढे १९५० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएलात, ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जिवाणूपासून अॅम्फोटेरिसिन बी हे औषध निघाले. मातीतूनच रोग आणि मातीतूनच औषध, हे पाहून आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवल वाटणार नाही.

भारतात हा रोग जगाच्या मानाने फार जास्त आहे. श्रीमंत देशांच्या कित्येक पट, असा तज्ज्ञांचा अंदाज कोरोनाच्या आधीपासूनच होता. त्याचे मोठे कारण म्हणजे काबूत नसलेला मधुमेह. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत या रोगाचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. तिथल्या अनुभवात एक गोष्ट वारंवार आढळली, ती आपण नीट वाचावी: कित्येक रोग्यांना आपल्याला मधुमेह आहे हे बुरशी झाल्यावरच प्रथम कळले. तोवर कुणी रक्त तपासलेच नव्हते.

मग २०२१ चा उन्हाळा आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड दिली गेली. काही ठिकाणी ती गरजेपेक्षा जास्त आणि जास्त दिवस दिली गेली. स्टेरॉइडने साखर चढते आणि प्रतिकारशक्ती उतरते. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना सांगितले की साथरोग कायद्याखाली या रोगाची नोंद सक्तीची करा. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रोगी आणि ४,२०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांतले ९ हजारांहून अधिक रोगी एकट्या महाराष्ट्रातले होते, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते. रोगी बहुतेक मोठी माणसे होती. पण त्याच जूनमध्ये मुंबईहून बातमी आली की कोरोनातून उठलेल्या तीन मुलांचा एकेक डोळा काढावा लागला. त्यांतली १४ वर्षांची मुलगी मधुमेही होती. रुग्णालयात आल्यावर ४८ तासांत तिचा डोळा काळा पडला. सहा आठवडे उपचार झाले. बुरशी मेंदूपर्यंत गेली नाही, मुलगी वाचली, डोळा मात्र गेला. त्याच सुमारास आणखी एका १६ वर्षांच्या मुलीला कोरोनानंतर एकाएकी मधुमेह झाला आणि बुरशीने तिच्या पोटातल्या अवयवांना गाठले. महिनाभरापूर्वी ती धडधाकट होती.

त्या दिवसांत तुरटी, हळद, सैंधव आणि मोहरीचे तेल यांच्या मिश्रणाने हा रोग बरा होतो असा एक निरोप मोबाइलवर फिरत होता. आपल्याकडेही तो पोचला असेल. हळद भाजीत उत्तम. रक्तवाहिनीत वाढणाऱ्या बुरशीपर्यंत ती पोचत नाही, आणि ती लावण्यात जातात ते दिवस परत मिळत नाहीत.

खरा उपचार तीन अंगांनी चालतो आणि तिन्ही एकदम सुरू करावी लागतात. शिरेतून इन्सुलिन आणि द्रव देऊन रक्ताची आम्लता उतरवणे हे पहिले. शस्त्रक्रियेने मेलेला भाग काढणे हे दुसरे. तिथे रक्तच पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. आईबापांना हे पटवणे फार कठीण जाते. लेकराच्या तोंडाला सुरी लावायची म्हटल्यावर कोणत्या बापाचे पाय डगमगणार नाहीत? पण या बाबतीत डॉक्टरांशी घासाघीस करू नये. तिसरे अंग अॅम्फोटेरिसिनचे. ते आठवडेच्या आठवडे शिरेतून द्यावे लागते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि रक्तातले पोटॅशियम उतरवते, म्हणून वरचेवर रक्त तपासतात. त्याचा लायपोसोमल नावाचा प्रकार शरीराला जरा सौम्य, खिशाला मात्र तिखट. निदानासाठी नाकातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; रुंद फितीसारखे, काटकोनात फुटलेले तंतू दिसले की शंका उरत नाही. २००५ ते २०१४ या काळातील जगभरच्या ६३ मुलांच्या एका नोंदीत, त्यांत कर्करोगाने आजारी असलेली पुष्कळ, तिघांतले एक मूल दगावले असे दिसते. म्हणजे वेळेवर सापडले तर हा रोग हटतो, हेही त्याच आकड्यात आहे.

आणि हा रोग एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, एका फडक्याने तोंड पुसून नाही. बरे होऊन परतलेल्या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.

आता आपल्या उमरीकडे येऊ. मुदखेड आणि धर्माबाद यांच्या मधले हे आपले तालुक्याचे गाव. मोठी शस्त्रक्रिया होईल असे सरकारी ठिकाण म्हणजे नांदेडच्या पलीकडचे विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय व रुग्णालय. लातूरच्या बाजूच्या वाचकांना विलासराव देशमुख शासकीय संस्था जवळ. गावातून निघून तिथे पोचायला गाडी मिळाली तरी अर्धा दिवस मोडतो. म्हणून तिथे जायची वेळच येऊ नये, किंवा यायचीच असेल तर लवकर यावी, हे काम गावातच होते, आणि त्यातला मोठा वाटा शाळेकडे येतो.

कारण मूल सहा तास मास्तरांच्या नजरेपुढे असते. दर तासाला लघवीला उठणारा, पाण्याच्या टाकीशी सारखा दिसणारा, चांगले जेवूनही हडकत चाललेला, दुपारी बाकावर डोके टेकणारा मुलगा आळशी किंवा द्वाड आहे असे ठरवण्यापूर्वी त्याची रक्तातली साखर तपासायला सांगावी. अंथरुणात लघवी करायचे कधीच सोडलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर आई लाजेने सांगत नाही. तिला विश्वासात घेऊन विचारावे. आरोग्य केंद्रात बोटाच्या एका थेंबावर ही तपासणी मिनिटभरात होते. ही लक्षणे असताना केव्हाही घेतलेल्या रक्तात साखर २०० वा त्याहून जास्त आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात पाठवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा असे मूल मुद्दाम पुढे करावे. हजेरी भरल्यासारखी तपासणी उरकू देऊ नये.

आणि पुढची पायरी ओळखावी. उलट्या, पोटात कळ, खोल व जोरजोरात चाललेला श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. हा कीटोअॅसिडोसिस. खेड्यात याला जंत म्हणतात, निमोनिया म्हणतात, नाहीतर 'बाहेरचं लागलंय' म्हणतात, आणि रात्र अंगाऱ्या-धुपाऱ्यात जाते. तेवढ्या रात्रीत बुरशीलाही वाट मोकळी होते. १०८ ला दूरध्वनी करावा, आणि 'मुलाला शुगर आहे' किंवा 'शुगर असावी' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगावेत.

ज्या मुलाचा मधुमेह आधीच माहीत आहे त्याच्या घरी एक चूक हमखास होते. मूल तापाने फणफणले, जेवेना, ओकू लागले की आई म्हणते, "खाल्लंच नाही तर सुई कशाला?" आणि इन्सुलिन बंद करते. तर्क साधा वाटतो, पण उलटा आहे. आजारात शरीराला इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे, मात्र पूर्ण बंद कधीच करू नये. साखर आणि लघवीतले कीटोन तपासावेत, घोटघोट पाणी पाजत राहावे. उलटी थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठावा. उपास-तापासाच्या दिवशी, जत्रेच्या गडबडीत, मामाच्या गावी गेल्यावर राहिलेली सुई हीसुद्धा तशीच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. पुढे लग्नाला अडचण नको म्हणून मुलीचा मधुमेह लपवतात. शाळेत सांगत नाहीत, मग दुपारची सुई चुकते. मोठी होत चाललेली मुलगीच कधी रागाने किंवा लाजेने सुई टाळते. यावर रागावून काही साधत नाही. मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीत एक कपाट आणि पाच मिनिटांचा आडोसा दिला तर पुष्कळ काम होते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी चालते; आपल्यासारखेच सुई टोचून घेणारे दुसरे पोर पाहिले की मुलांची भीड चेपते.

शेवटी आपल्या उन्हाळ्याविषयी. न उघडलेली इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे सावलीच्या थंड जागी टिकते. पण मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहूनही वर. त्या उष्णतेत इन्सुलिन हळूहळू निकामी होते आणि कुपीकडे पाहून ते कळतही नाही. घरचे म्हणतात सुई तर रोज देतो, तरी साखर का चढते? फ्रिज नसेल तर माठ वापरावा. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटे मडके, मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत कुपी, वरून ओले फडके. भारतातल्या पाहणीत अशा मातीच्या भांड्यांनी इन्सुलिन चांगले राखल्याचे आढळले आहे. कुपीला पाणी लागू देऊ नये आणि बर्फात तर कधीच ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. माठ चुलीपासून आणि पत्र्यापासून दूर, घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात असावा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे सोपवलेले बरे.